मातृत्वाचा हक्क आणि त्याची किंमत

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग प्रयोगशाळेत घडवून, तयार झालेला गर्भ मातेच्या उदरात ठेवून जन्माला आलेले, आणि तशी शास्त्रीय नोंद झालेले, हे भारतातील पहिले बालक होय. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच असे यश मिळविले होते; परंतु त्यांच्या कार्याला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही. परळचा प्रयोग डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या परळमधीलच प्रजनन संशोधन संस्थेचे त्यांना साहाय्य लाभले. या घटनेतील एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. के. ई. एम. हे महापालिकेचे रुग्णालय आहे. म्हणजे हे शास्त्र आपल्या राज्यात आले ते नागरिकांच्या कराच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत, केसपेपर काढून रांगेत बसणाऱ्या माणसांच्या दवाखान्यात. आज त्याचा मुक्काम मुख्यतः खाजगी केंद्रांत आहे, आणि तेथील दरपत्रक वाचून मध्यम उत्पन्नाच्या माणसाची छाती दडपते.

हा विषय सुचण्याचे कारण एक सहकारी अध्यापिका आहे. तिच्या संमतीने आणि तिची ओळख पटणार नाही अशा बेताने तिची हकिकत येथे सांगत आहे. ती तासिका तत्त्वावर शिकविते. तास घेतला तर मानधन, सुटीत काही नाही, आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. वडील लवकर गेले. धाकट्या भावाचे शिक्षण, आईचे आजारपण यांत लग्नाचे वय, आपल्याकडे म्हणतात तसे, निघून गेले. त्याची तिला फारशी खंत नाही. मूल मात्र हवे होते. छत्तिसाव्या वर्षी तिने एका केंद्रात चौकशी केली. स्वागतकक्षातील पहिला प्रश्न होता, "मिस्टर आले नाहीत का?" अर्जात पतीच्या नावाचा रकाना होता, तो रिकामा ठेवल्यावर अर्ज परत आला. पुढे डॉक्टर सौजन्याने बोलले, कायद्याची अडचण नाही असे त्यांनी सांगितले, आणि खर्चाचा कागद हाती दिला. त्या कागदाने जे केले ते स्वागतकक्षातील प्रश्नाला करता आले नव्हते. ती घरी परतली आणि पैसे साठवू लागली.

कायद्याने काय दिले

कायद्याची अडचण नाही हे डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा २०२१ चा केंद्रीय कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यात विवाहित जोडप्याबरोबरच 'स्त्री' हा स्वतंत्र घटक मानलेला आहे. एकवीस वर्षांवरील कोणतीही स्त्री, ती विवाहित असो वा नसो, पन्नाशीच्या आत हे उपचार घेऊ शकते. दात्याचे पुरुषबीज नोंदणीकृत पेढीतूनच यावे लागते. दात्याच्या आरोग्याच्या चाचण्या सक्तीच्या आहेत आणि जन्मणाऱ्या मुलावर त्याचा कोणताही हक्क राहत नाही. परस्पर व्यवहार करून पुढे कज्जेदलाली ओढवून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मुलाच्या कागदपत्रांची वाटही पूर्वीइतकी काटेरी राहिलेली नाही. अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता मुलाचे पालकत्व मिळू शकते, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिले की जन्मदाखला अडवून ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिला. पारपत्रासाठी आईवडिलांपैकी एकाचेच नाव पुरते, असा बदल २०१६ मध्ये झाला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. कायदा सर्वत्र असा उदार आहे असे मात्र नाही. २०२१ मध्येच झालेल्या सरोगसीच्या कायद्याने ३५ ते ४५ वयाच्या विधवेला आणि घटस्फोटितेला जी मुभा दिली, ती अविवाहितेला नाकारली. एकदा लग्न होऊन मोडले तर चालेल, मुळीच झाले नसेल तर चालणार नाही, या भेदामागचे तर्कशास्त्र समजणे कठीण आहे. तथापि स्वतःच्या उदरी मूल वाढवू इच्छिणाऱ्या अविवाहितेचा मार्ग कायद्याने मोकळा केला आहे, ही गोष्ट लहान नाही.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हक्क आणि क्रयशक्ती यांतील अंतर विसरून चालत नाही. बाजारात मांडलेली वस्तू घेण्यास कोणाला बंदी नाही, याचा अर्थ ती सर्वांना मिळते असा होत नाही.

बचत आणि वय

प्रथम साधा उपाय पाहू. दात्याचे शुद्ध केलेले बीज गर्भाशयात सोडण्याची जी पद्धत आहे, तिचा खर्च काही हजारांत भागतो. ज्या अविवाहित स्त्रीला शरीराचा कोणताही दोष नाही, केवळ जोडीदार नाही, तिच्यासाठी तरुण वयात हाच पहिला मार्ग असावयास हवा. वय वाढले, गर्भनलिका बंद असल्या, किंवा हा उपाय फसला, तर प्रयोगशाळेतील फलनाचा मार्ग उरतो. त्याच्या एका आवर्तनाचा खर्च, इंजेक्शने व तपासण्या धरून, सामान्यतः दीड ते अडीच लाख रुपयांच्या घरात जातो. सोयीसाठी दोन लाख धरू. महिन्याला पाच हजार रुपये बाजूला टाकणाऱ्या स्त्रीला दोन लाख जमविण्यास चाळीस महिने, म्हणजे तीन वर्षे चार महिने लागतात. छत्तिसाव्या वर्षी आरंभ केला तर रक्कम हाती येते ती एकोणचाळिशी उलटल्यावर.

या तीन वर्षे चार महिन्यांत बँकेतील शिल्लक वाढते आणि शरीरातील शिल्लक घटते. ब्रिटनमध्ये या उपचारांचे नियमन करणारी वैधानिक संस्था आहे आणि ती यशापयशाचे आकडे नियमितपणे प्रसिद्ध करते. त्यांवरून असे दिसते की, स्वतःचे स्त्रीबीज वापरणाऱ्या पस्तिशीच्या आतील स्त्रीला गर्भ रोपणाच्या एका प्रयत्नात मूल होण्याची शक्यता साधारण एक-तृतीयांश असते. चाळिशी ओलांडल्यावर ती एक-दशांशाच्या आसपास येते आणि पुढे झपाट्याने घसरते. आता गणित मांडू. शंभरात तीस ही शक्यता धरली तर तीन प्रयत्नांत किमान एकदा यश येण्याची शक्यता शंभरात सुमारे सहासष्ट होते. शंभरात दहा धरली तर तीन प्रयत्नांनंतरही ती सत्ताविसाच्या पुढे जात नाही. खर्च दोन्हीकडे सारखाच, सहा लाख. म्हणजे जिच्याजवळ तिसाव्या वर्षी पैसा आहे ती सहा लाखांत मुलाची बऱ्यापैकी आशा विकत घेते, आणि जिला तो साठवावा लागतो ती तेवढ्याच सहा लाखांत बहुधा निराशा विकत घेते.

मध्यम उत्पन्नाच्या स्त्रीची खरी कोंडी येथे आहे. घर, वाहन, मुलीचे लग्न या खर्चांना थांबता येते. उशीर झाला तर गैरसोय होते, वस्तू नाहीशी होत नाही. या उपचाराचे तसे नाही. येथे काटकसर हा गुण उरत नाही, तो शिक्षा होतो. आयुष्यभर 'आधी साठवावे, मग खर्चावे' असे शिकविले गेलेल्या आपल्या मध्यमवर्गाला हे उमजण्यास वेळ लागतो. माझ्या सहकारिणीलाही तो लागला.

अडाणी गिऱ्हाईक

दुसरा प्रश्न बाजाराच्या स्वरूपाचा आहे. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिलेल्या एका सुप्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का, याचे विवेचन केले आहे. रुग्णाला नेमके काय हवे हे रुग्णापेक्षा विक्रेत्याला अधिक ठाऊक असते, आणि फळाची निश्चिती कोणालाच नसते. वंध्यत्वाच्या उपचारांत या दोन्ही गोष्टी टोकाला पोहोचतात. त्यांत भर पडते ती आशेची. 'पुढच्या वेळी नक्की' हे वाक्य ऐकण्यासाठीच जो आलेला असतो, त्याला ते ऐकविणे अवघड नसते.

आपल्याकडे रस्त्यारस्त्यावर या केंद्रांचे फलक दिसतात. त्यांवर गुटगुटीत बालके असतात आणि यशाची मोठाली टक्केवारी असते. ती टक्केवारी कशाची, हे फलकावर नसते. रक्ततपासणीत गर्भ राहिल्याचे दिसले हे यश, की जिवंत मूल घरी नेले हे यश? तीस वर्षांच्या स्त्रियांतील, की बेचाळीस वर्षांच्या? स्वतःच्या बीजाने, की दुसऱ्या स्त्रीकडून घेतलेल्या बीजाने? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही. २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली आणि केंद्रांवर माहिती देण्याचे बंधन घातले. ही माहिती केंद्रनिहाय आणि वयोगटनिहाय, सामान्य वाचकाला कळेल अशा रूपात प्रसिद्ध होईल, तेव्हाच त्या नोंदवहीचा रुग्णाला उपयोग होईल.

विम्याचाही येथे आधार नाही. आरोग्य विम्याच्या नियामक प्राधिकरणाने वगळण्याजोग्या बाबींची जी प्रमाण यादी ठरवून दिली आहे, तीत वंध्यत्व व त्यावरील हे उपचार नमूद आहेत. बहुतेक पॉलिसी त्या यादीचा आधार घेतात. मग उरते ते कर्ज. केंद्रातच सुलभ हप्त्यांचा तक्ता मिळतो. हप्त्यावर घेतलेले वाहन निदान दारात उभे असते. येथे मूल न होताही हप्ता चालूच राहतो.

माझ्या सहकारिणीने पहिला प्रयत्न एकोणचाळिसाव्या वर्षी साठविलेल्या पैशातून केला. तो फसला. दुसरा चाळिसाव्या वर्षी केला, आणि त्यासाठी आईने तिच्या लग्नाकरिता ठेवलेल्या पाटल्या मोडल्या. सोनाराकडे आई स्वतः बरोबर गेली. "लग्नासाठी ठेवल्या होत्या, त्या मुलासाठी गेल्या, म्हणजे घरातच राहिल्या," असे ती म्हणाली. तोही प्रयत्न फसला. आता तिला दुसऱ्या स्त्रीचे बीज घेण्याचा सल्ला देण्यात आला आहे. त्याचा खर्च निराळा, आणि दात्रीच्या विम्याचा भार कायद्याने, योग्य रीतीनेच, उपचार घेणारीवर टाकलेला आहे. ती थांबली आहे. बुडालेला खर्च बुडाला असे समजून पुढचा निर्णय घ्यावा, असे आम्ही वर्गात शिकवितो. स्टाफरूममध्ये ते वाक्य माझ्याने तिला ऐकवले नाही.

तीन आक्षेप

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते सरसकट धुडकावण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की, पित्यावाचून मूल जन्माला घालणे हे मुलावर अन्याय करणे होय. एकट्या पालकाचे जिणे कष्टाचे असते हे कोणीही मान्य करील. परंतु महाराष्ट्रात एकट्या बाईने वाढविलेली मुले ही काही नवलाची गोष्ट नाही. विधवांनी, परित्यक्तांनी, गिरणी बंद पडल्यावर खचलेल्या नवऱ्यांच्या बायकांनी मुले वाढविली आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच मातांसाठी, आणि तेथे प्रसूत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याला डॉक्टर केले. नको असलेले मूल लादले जाऊ नये म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. मातृत्व स्त्रीच्या इच्छेचे असावे हे तत्त्व एकदा मान्य केले की, ते नाकारण्याच्या इच्छेलाच लागू पडेल आणि स्वीकारण्याच्या इच्छेला नाही, असे म्हणता येत नाही. जे मूल मिळावे म्हणून आई चार वर्षे पैसा साठविते, त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका इतर मुलांहून अधिक आहे असे मानण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप, मग दत्तक का घेऊ नये? अवश्य घ्यावे, एकट्या स्त्रीला कायदा त्यास परवानगी देतो. पण तेथेही तान्ह्या बाळासाठीची रांग लांब असते, आणि अर्जदाराच्या वयाची मर्यादा असते. शिवाय हा सल्ला विवाहित जोडप्याला सहसा कोणी देत नाही. त्यांची स्वतःचे मूल व्हावे ही इच्छा स्वाभाविक ठरते. तीच इच्छा अविवाहितेने व्यक्त केली की, तिला परोपकाराची आठवण करून दिली जाते. दत्तक घेणे हा तितकाच पूर्ण मातृत्वाचा मार्ग आहे. तो एका वर्गाच्या स्त्रियांना देण्याचा दुय्यम पर्याय नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्या राज्यात आदिवासी पाड्यावरील गर्भवतीला वेळेवर वाहन मिळत नाही, तेथे सरकारने या उपचारांवर पैसा खर्च करावा काय? लोकसंख्येचा मुद्दा आता उरलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ वर आला आहे, म्हणजे पिढी भरून निघण्यास लागणाऱ्या पातळीच्या बराच खाली. प्राधान्याचा प्रश्न मात्र खरा आहे. सुरक्षित प्रसूती आणि बालकांचे पोषण यांचा हक्क आधीचा, हे निःसंशय. परंतु सार्वजनिक आरोग्यव्यवस्था केवळ प्राण वाचविण्यापुरती नसते. ती गुडघे बदलते, मोतीबिंदू काढते, बहिऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसविते. शिवाय आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण क्षयरोग हे आहे. तो सार्वजनिक दवाखान्यात बरा करावयाचा आणि त्याने मागे ठेवलेले वंध्यत्व खाजगी मानावयाचे, हे सुसंगत नाही.

काय करता येईल

मागणी अवास्तव असू नये. प्रत्येक जिल्ह्यात सुसज्ज प्रयोगशाळा उभारा, असे कोणी म्हणत नाही. राज्यातील मोजक्या मोठ्या शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांत हे विभाग नीट चालवावेत. साधा उपाय आधी, प्रयोगशाळेतील फलन नंतर, हा क्रम तेथे पाळला जावा. उत्पन्नाची आणि वयाची मर्यादा ठरवून एक किंवा दोन प्रयत्न अल्प शुल्कात द्यावेत, आणि जेथे शक्यता नगण्य असेल तेथे तसे स्पष्ट सांगावे. नफ्याची ओढ नसलेला डॉक्टरच 'आता थांबा' हे दोन शब्द वेळेवर उच्चारू शकतो. सार्वजनिक सेवेची ही मोठी उपयुक्तता आहे. शेजारच्या गोव्यात बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये ही सेवा विनामूल्य सुरू करण्यात आली. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने एकट्या स्त्रियांना हे उपचार खुले केले आणि त्यांचा खर्च सामाजिक विम्यातून देण्याची व्यवस्था केली. आपण फ्रान्स नाही हे खरे. पण गोव्याएवढे करणे महाराष्ट्राला अशक्य नाही.

दुसरे, अर्जातील पतीच्या नावाचा सक्तीचा रकाना काढून टाकावा. त्याला एक पैसाही लागत नाही. तिसरे, विम्याच्या यादीतील सरसकट वगळणुकीचा फेरविचार व्हावा. निदान निदानाच्या तपासण्या आणि पहिला साधा उपाय विम्यात यावा. चौथी गोष्ट उपचारानंतरची आहे, आणि तिचा विसर सहज पडतो. प्रसूतीची भरपगारी रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु जिची नेमणूकच दर वर्षी नव्याने होते आणि जिला तासागणिक मानधन मिळते, तिच्या दृष्टीने ही रजा कागदावरची आहे. एकट्या मातेच्या घरात दुसरा पगार नसतो. तिचा रोजगार स्थिर नसेल तर मूल होण्यास केलेले साहाय्य अर्धवट राहते. महाविद्यालयांतील हजारो तास ज्यांच्या खांद्यावर चालतात, त्या अध्यापकांच्या नेमणुकांचा प्रश्न म्हणूनच या प्रश्नापासून वेगळा नाही.

१९८६ मध्ये परळच्या त्या रुग्णालयात जी किमया घडली, तिचा अभिमान आपण अजून बाळगतो, आणि तो रास्त आहे. पण त्या प्रयोगाची खरी शिकवण तंत्रापुरती नव्हती. सामान्य माणसाच्या दवाखान्यात, सामान्य माणसाच्या पैशावर, सामान्य घरातील स्त्रीसाठी असे काही करता येते, हेही त्या दिवशी सिद्ध झाले होते. ते तंत्र आता शहरोशहरी जाऊन पोहोचले आहे. शिकवणीचा हा दुसरा भाग मात्र मागे राहिला. माझ्या सहकारिणीसाठी आता उशीर झाला आहे, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. तिने ज्या वयात पहिल्यांदा चौकशी केली, त्या वयाच्या कितीतरी स्त्रिया आज महिन्याच्या अखेरीस पाच हजार रुपये बाजूला टाकीत असतील. त्यांना वर्षे मोजावयाची आहेत. शासनाने त्यांना पैसे मोजावयास लावू नयेत.